६४ डबे, एक गेट आणि सात कुंड्या : राजारामपुरीतल्या एका पार्किंगचं प्रकरण

गेल्या श्रावणातल्या एका सोमवारी आमच्या गेटसमोर कुणीतरी गाडी लावून गेलं आणि माझी जेवणाचे डबे पोचवायची ओम्नी व्हॅन पंचावन्न मिनिटं आत अडकून पडली. प्रकरण एवढंच. पण त्या पंचावन्न मिनिटांत निम्मी गल्ली गोळा झाली, हवा सोडायची का नाही यावर वाद झाला, पोलीस आले, चलन झालं, आणि सगळं निवल्यावर चूक एकट्या गाडीवाल्याची नव्हती हे मला कबूल करावं लागलं. गेटसमोरच्या गाडीवरनं कोल्हापुरात रोज कुठल्या ना कुठल्या गल्लीत भांडण चाललेलं असतंय, म्हणून जे झालं ते पहिल्यापासनं लिहिते, नियमासकट.

आधी जागा समजून घ्या म्हणजे पुढचं कळेल. आमचं घर राजारामपुरीत, मेन रोडपासनं आतल्या गल्लीत. पहिली गल्ली, दुसरी गल्ली अशा इथल्या नंबरच्या गल्ल्या कोल्हापुरात सगळ्यांना माहीत आहेतच. माझं लग्न होऊन मी आले तेव्हा इथं बसकी घरं होती, पुढं थोडं अंगण, संध्याकाळी पोरं रस्त्यावरच क्रिकेट खेळायची. आता खाली दुकान, वर दवाखाना, त्याच्या वर क्लास. नकाशात जिथं पार्किंग दाखवलंय तिथं शटर लागलंय, मग त्या दुकानात, दवाखान्यात, क्लासात येणाऱ्यांनी गाड्या लावायच्या कुठं, तर रस्त्यावर. आमची गल्ली टेपनं मोजली तर वीस फूट. समोरच्या बाजूला एक गाडी लागली की सहा फूट गेले, राहिले चौदा. आमचं गेट दहा फुटांचं, आणि ओम्नी अकरा फूट लांब. आता तुम्हीच विचार करा, अकरा फुटांची गाडी चौदा फुटांत वळवून बाहेर काढायची म्हणजे गेट तर पूर्ण मोकळं पाहिजेच, वर गेटच्या दोन्ही कडेला दोन-तीन फूट तरी जास्तीचे पाहिजेत. गेटच्या एका कडेवर कुणी नुसतं बंपर आणून ठेवलं तरी आमची गाडी हलत नाही. लावणाऱ्याला मात्र वाटतं की निम्मं गेट मोकळं सोडलंय की, त्यातनं निघेल.

मी डबे करते. उद्यमनगरातली वर्कशॉपं आणि शाहूपुरीतली दोन ऑफिसं. त्या सोमवारी ६४ डबे होते, त्यातले २६ उपवासाचे, म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. खिचडीचं एक असतं बघा, डबा भरल्यापासनं अर्ध्या-पाऊण तासात खाल्ली तर मोकळी, दाणा अन् दाणा सुटा, आणि तिथनं पुढं ती गोळा व्हायला लागते. म्हणून उपवासाचे डबे मी सगळ्यात शेवटी भरते आणि भरले की लगेच गाडी निघते. पावणेअकराला भरायला घेतले, अकरा वाजून पाच मिनिटांनी दिरांनी गाडी चालू केली, मी गेट उघडलं, आणि समोर सिल्वर रंगाची गाडी आडवी. एमएच ०९, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली. हँडब्रेक ओढलेला, काचा बंद, आत मागच्या सीटवर लहान पोराचं दुपटं आणि दुधाची बाटली. ती बाटली मी तेव्हा बघितली होती. नंतर मला सारखी आठवत राहिली ती तीच.

पहिली दहा मिनिटं हॉर्न वाजवण्यात गेली. पाऊस भुरभुर चालू. मेडिकलवाल्या पोराला विचारलं, पार्लरमधे विचारलं, क्लासच्या वॉचमनला विचारलं, दवाखान्यात जिना चढून गेले आणि बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या पंधरा-वीस माणसांना ओरडून विचारलं, "सिल्वर गाडी कुणाची हाय?" कोण बोललं नाही. खाली आले तर समोरचे आप्पा छत्री घेऊन उभे, तालमीची चार पोरं जमलेली. एकजण म्हणाला, "काकी, चौघं लागतो आणि उचलून बाजूला ठेवतो." आप्पा म्हणाले, "उचलता कशाला, चारी चाकांची हवा सोडा, परत लावायचा न्हाय जन्मात." आणि आमच्या गेटवर तेव्हा पाटीही तशीच होती, माझ्या सासऱ्यांच्या हातची, लाल ऑइलपेंटनं रंगवलेली: गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल.

मी नको म्हणाले, पण ते शहाणपणानं नव्हे, भीतीनं. कुणाची तरी गाडी, उद्या काय झालं म्हणजे. आणि ११२ ला फोन लावला. त्यांनी ठिकाण विचारलं, गाडीचा नंबर घेतला, आत कुणी माणूस अडकलंय का, आजारी आहे का ते विचारलं. मी खरं तेच सांगितलं, आजारी कुणी नाही, पण गाडी बाहेर निघत नाही आणि माझा धंदा आहे. तोवर दिरांनी आणि एका पोरानं दोन ॲक्टिवावर पिशव्या अडकवून १९ डबे उद्यमनगरात पोचवले. बाकीचे ४५ तसेच.

अकरा चाळीसला वाहतूक शाखेचे दोघंजण मोटरसायकलवरनं आले. त्यातल्या वयस्कर हवालदारांनी पहिलं काम काय केलं तर गाडीचे चार बाजूंनी फोटो काढले, गेट दिसेल असे. आप्पा त्यांनाही तेच सांगायला लागले, हवा सोडा म्हणून. तर ते म्हणाले, "आजोबा, हवा सोडली तर गाडी हलायची कशी? अजून दोन तास हितंच बसंल की." इतकी साधी गोष्ट, आणि आमच्या कुणाच्या डोक्यात आली नव्हती. पाटीवर वीस वर्षं आम्ही धमकी लिहून ठेवलेली ती खरी करून दाखवली असती तर आमचंच गेट बंद पडलं असतं.

क्रेनचं विचारलं तर म्हणाले बोलावता येते, पण गल्लीत दोन्हीकडे गाड्या लागल्यात, ती आत वळायला वेळ लागेल, त्याआधी मालक शोधूया. आणि ते स्वतः वर दवाखान्यात गेले. बाहेर न विचारता थेट कंपाउंडरला सांगितलं की आतल्या पेशंटला विचारून ये. मालक आत होते. चौदा महिन्यांचं पोर, दम लागलेला, त्याला नेब्युलायझर लावलेला, पोर रडतंय म्हणून बापानं मांडीवर धरलेलं आणि आईनं मास्क. मी बाहेर ओरडले तेव्हा त्या मशीनच्या घरघरीत त्यांना काय ऐकू येणार होतं? बारा वाजता ते पोराला खांद्यावर घेऊन खाली आले. गडहिंग्लजजवळच्या गावातनं पहाटे निघालेले.

मी चिडलेलीच होते. आप्पा माझ्याहून जास्त. ते म्हणाले, "रस्ता काय तुझ्या बापाचा हाय?" आणि तो माणूस भडकेल असं वाटलं, पण तो पोराला बायकोकडं देऊन म्हणाला, "न्हाय आजोबा, चुकलं माझं. पोराचा दम बघून काय सुचलं न्हाय." गाडी काढली, पाचशे रुपयाचं चलन मुकाट्यानं घेतलं. आणि जाताना मला म्हणाला, "वैनी, राग मानू नका, पण ह्या कुंड्या हितं नसत्या तर गाडी मी तिथंच लावली असती. मी दोनदा गल्ली फिरलो."

कुंड्या आमच्याच. गेटच्या डाव्या अंगाला कंपाउंडला लागून, रस्त्यावर, सात कुंड्या आणि कडेला एक जुना पाटा. कुणी गाडी लावू नये म्हणूनच ठेवलेल्या, हे खोटं कशाला बोलू. तगर, जास्वंद, तुळस, आणि आत माती कमी, दगड जास्त, कुणाला उचलता येऊ नये म्हणून.

डबे साडेबाराला पोचले. १२ उपवासाचे परत आले, नव्वदप्रमाणे हजार ऐंशी रुपये, आणि एका वर्कशॉपच्या मालकांनी शांतपणे सांगितलं की ताई, परत असं व्हायला नको. ते मला जास्त लागलं. संध्याकाळी मी टेप घेऊन बाहेर गेले. पहिल्या कुंडीपासनं पाट्यापर्यंत सतरा फूट. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्या चार मीटरच्या आतल्या असतात, म्हणजे साधारण तेरा फूट. एक गाडी आरामात बसेल एवढा सार्वजनिक रस्ता आम्ही तगर-जास्वंदीनं अडवला होता आणि त्याच्याच शेजारी उभं राहून दुसऱ्याला रस्त्याचा नियम शिकवत होतो.

आता नियमाचं. हे मी त्यानंतर बसून नीट वाचलं, कारण त्या दिवशी गल्लीत दहा माणसांनी दहा नियम सांगितले.

गेट अडवणं हा गुन्हाच आहे, यात शंका नको. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याखाली १९८९ मधे रस्त्याचे नियम आले, त्यातही जागेचं प्रवेशद्वार अडेल अशी गाडी लावायची नाही असं होतं, आणि २०१७ चे जे ड्रायव्हिंगचे नियम आले त्यातही एखाद्या मालमत्तेच्या आत जायच्या-बाहेर यायच्या वाटेसमोर पार्किंग करायला मनाई आहे. नो पार्किंगची पाटी असो वा नसो, मनाई आहेच. पाटी नव्हती म्हणून लावली हे कारण चालत नाही. दंडाचं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीत हे ड्रायव्हिंगचे नियम मोडल्याबद्दल वेगळं कलम आलंय, १७७ अ, त्यात पाचशेपेक्षा कमी नाही आणि हजारापर्यंत. त्याशिवाय सार्वजनिक वाटेत अडथळा केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८५ आहे, पाच हजारांपर्यंत दंड. जुन्या भारतीय दंड संहितेत हाच दंड दोनशे रुपये होता.

गाडी उचलून न्यायचं मोटार वाहन कायद्यातलं कलम १२७. याच्याबद्दल आमच्या गल्लीत ठाम समजूत होती की दहा तास झाल्याशिवाय पोलीस गाडीला हात लावू शकत नाहीत. तसं नाही. दहा तास बेवारस उभी असलेली गाडी ही एक गोष्ट, आणि जिथं पार्किंगला मनाईच आहे तिथं लावलेली गाडी ही वेगळी गोष्ट, दुसरीला दहा तास थांबायची गरज नाही. पण उचलायचा किंवा चाकाला जामर लावायचा हुकूम वर्दीतल्या पोलिसाचा लागतो. घरमालकानं साखळी लावून कुलूप ठोकणं, तालमीच्या पोरांनी उचलून ठेवणं, हे त्या कलमात कुठंच बसत नाही. उचलताना बंपर तुटला, काचेवर ओरखडा आला, व्हॉल्व्ह तुटला, तर मुद्दाम नुकसान केल्याचं कलम आपल्यावर लागू शकतं, ते न्याय संहितेचं ३२४. म्हणजे बरोबर असलेला माणूस पाच मिनिटांत आरोपी.

आणि आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. हा नियम गेटसमोरची जागा घरमालकाला देत नाही. तो फक्त वाट मोकळी ठेवतो. गेटसमोरचा रस्ता माझा नाही, महापालिकेचा आहे, सगळ्यांचा आहे. माझा हक्क आहे तो आत-बाहेर करायचा, तेवढाच. म्हणून गेटच्या रुंदीएवढी आणि वळायला लागते तेवढी जागा कुणी अडवायची नाही, पण त्याच्या पुढं कंपाउंडलगत कुणी बाहेरच्या माणसानं गाडी लावली तर "आमच्या घरासमोर का लावली" हे विचारायचा मला काही अधिकार नाही. कुंड्या, दगड, सिमेंटनं भरलेले डबे, तुटकी खुर्ची, साखळी लावलेले पाइप, हे सगळं अतिक्रमण. महानगरपालिकेच्या कायद्यात रस्त्यावर ठेवलेली अशी वस्तू नोटीस न देता उचलायचा अधिकार आयुक्तांना आहे. आणि अजून एक, गेटसमोर आपली स्वतःचीच गाडी रस्त्यावर लावायची आणि गेटच्या आतली जागा भाड्यानं द्यायची असं करणारी घरं पण आहेत. नियमाच्या त्या वाक्यात घरमालकाला सूट दिलेली नाही. तक्रार कोण करणार म्हणून चालून जातं, एवढंच.

समोरच्या बाजूचं काय, हे मात्र नियमापेक्षा समजुतीचं आहे. गेटच्या बरोब्बर समोर, रस्त्याच्या पलीकडं गाडी लावली तर तिनं गेट अडवलं असं कुणी म्हणणार नाही, पण वीस फुटी गल्लीत तीच गाडी आमची ओम्नी वळू देत नाही. रुईकर कॉलनी, ताराबाई पार्कात रस्ते रुंद, तिथं हा प्रश्न फारसा येत नसेल. पेठांत आणि आमच्याकडं येतो. अशा गल्लीत गाडी लावून उतरल्यावर एकदा मागं वळून बघावं, समोर गेट आहे का, आत चारचाकी दिसते का. दोन सेकंदाचं काम आहे.

नंतर आम्ही काय बदललं ते सांगते, कारण तिथं जास्त शिकायला मिळालं.

कुंड्या काढल्या. दिरांनी आणि त्याच तालमीच्या पोरांनी उचलून गच्चीत नेल्या, सासूबाई दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, आता सगळं गाव आपल्या दारात गाडी लावेल. झालं उलटं. तिथं गाडी लावायला जागा आहे म्हटल्यावर माणसं तिथंच लावतात, गेट सोडून. आधी सतरा फूट बंद होते म्हणून लोक उरलेल्या दहा फुटांवर यायचे.

सासऱ्यांची पाटी उतरवली, जपून ठेवलीय. नवीन पाटीवर लिहिलं: "डब्याची गाडी रोज सकाळी १०:३० ते ११:३० या गेटातून निघते. कृपया गेट मोकळं ठेवा. नाइलाजानं लावलीच तर बेल वाजवून सांगा." खाली मोबाईल नंबर. ही पाटी जुन्या पाटीपेक्षा दसपट लागू पडली. का, तर माझ्या मते प्रत्येक गेटवर 'नो पार्किंग' लिहिलेलं असतं, जिथं गेट कायम कुलपात आहे तिथंही, मग माणसाला खरं गेट कुठलं आणि नुसतं लिहिलेलं कुठलं ते कळत नाही. वेळ आणि कारण लिहिलं की कळतं. गेटच्या दोन्ही कडांना आमच्याच खांबांवर आणि गटारीवरच्या फरशीच्या कडेला पिवळा पट्टा मारला, रात्री हेडलाइटमधे दिसतो. रस्त्यावर पट्टा मारला नाही, तो आपल्याला परस्पर मारता येत नाही.

सगळ्यात उपयोगी पडलं ते दवाखान्याचं. मी वर जाऊन डॉक्टरांच्या कंपाउंडरशी बोलले, तक्रार म्हणून नाही, त्या दिवशी जे झालं ते सांगितलं. आता नाव लिहून घेताना तो गाडीचा नंबर पण रजिस्टरात लिहितो. गाडीनंबर ॲपवर टाकला तर मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं येतं, फोन नंबर येतच नाही, त्यामुळं अनोळखी गाडीचा मालक शोधायला असलं रजिस्टर लई कामाचं. क्लासवाल्यांनी अजून मनावर घेतलेलं नाही. पोरांना सोडायला येणारे आईबाप दोन्ही इंडिकेटर चालू करून "दोनच मिनिटं हां" म्हणत थांबतात आणि त्यातली निम्मी फोनवर बोलत दहा मिनिटं बसतात. इंडिकेटर लावला म्हणजे गेट मोकळं झालं असं होत नाही, पण आत माणूस असतो, काच वाजवली की काढतात, म्हणून मी त्यावर जास्त ताणत नाही.

गाडी लावणाऱ्यांना हात जोडून एकच मागणं आहे, डॅशबोर्डवर फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. विशेषतः दवाखान्यात, मयतीला, लग्नाला जाताना, जिथं फोन सायलेंटवर असतो तिथं तर वर कुठं बसलाय तेही लिहा. त्या गडहिंग्लजच्या माणसानं "वरच्या दवाखान्यात आहे" एवढं कागदावर लिहून काचेला लावलं असतं तर मी चावी मागून घेतली असती, दिरांनी गाडी काढून परत लावली असती, त्यांचे पाचशे आणि माझे हजार ऐंशी वाचले असते. आणि गेटवाल्यांनाही सांगते, पहिला हॉर्न वाजवायच्या आधी गाडीच्या आत बघा. दुधाची बाटली दिसत असेल तर मालक हॉटेलात बसलेला नाही.

तेव्हापासनं आजपर्यंत गेट तीनदा अडलं. दोनदा बेल वाजवून सांगून गेले, बोलावल्यावर पाच मिनिटांत आले. तिसऱ्यांदा गणपतीत, रात्री देखावे बघायला राजारामपुरीत जी गर्दी होते त्यात, मोटरसायकलींची रांगच्या रांग, चौदा गाड्या, आणि मालक सगळे मेन रोडवर. त्या रात्री गाडी काढायची नव्हती म्हणून निभावलं. पण शेजारच्या आजींना तेव्हाच अॅम्ब्युलन्स लागली असती तर? १०८ आली असती तरी आत वळली नसती. गणपतीच्या दहा दिवसांपुरतं तरी गल्लीत एकाच बाजूला पार्किंग करा, पी वन पी टू सारखं, म्हणजे एक दिवस ही बाजू, दुसऱ्या दिवशी ती, असा अर्ज आम्ही अकरा घरांनी सह्या करून तयार केलाय, वाहतूक शाखेत द्यायचाय.

बारावी सही आप्पांची राहिलीय. त्यांच्या दारात अजून एक दगड आहे, आमच्या कुंड्यांसारखाच, रस्त्यावर, पांढरा रंग दिलेला. ते म्हणतात दगड काढला तर सही कशाला पाहिजे आणि सही केली तर दगड कशाला काढू. रविवारी दीर आणि मी परत जाणार आहे त्यांच्याकडं, टेप घेऊन.